कोठीत ती शहाणी असते

१९ जानेवारी, रविवार

ओजूला आज कोठीत सोडून आलो.

लिहायला सांगितलंय म्हणून लिहितेय. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ नवनीत मॅडम म्हणाल्या, "आप भी लिखिए. जब मन करे. किसी को दिखाना नहीं है." मुलगी त्यांच्याकडे आणि गृहपाठ मला. तिच्या बापाला, हर्षला, काही लिहायला सांगितलेलं नाही, हे आधी नोंदवून ठेवते.

कोठी म्हणजे इथल्या भाषेत बंगला. गेटवर संस्थेचं लांबलचक नाव आहे, पण आतले सगळे कोठीच म्हणतात. आठ-दहा मुलं असतात. कुणी घरातल्या पडद्यांना आग लावलेली, कुणी बोलणंच सोडून दिलेलं, कुणी आमच्या ओजूसारखी. तीन महिने राहायचं, अभ्यास आणि उपचार तिथेच, रविवारी आईबापांनी भेटायला जायचं आणि मग मूल घरी न्यायचं. गरज पडली तर मुदत वाढते. "हॉस्टल नहीं है यह, और सज़ा तो बिल्कुल नहीं," मॅडम म्हणाल्या. ओजूला ते कुणी समजावलं असेल तर मला माहीत नाही. मी समजावलं नाही. माझ्यात त्राण नव्हतं.

ओजस्विनी अकरा वर्षांची आहे. संक्रांतीला तिने धाकट्या भावाला, सुश्रुतला, जिन्यावरून ढकललं. तो सहा वर्षांचा, हात मोडला. कारण काय, तर मी तिळाचा लाडू आधी त्याला दिला. त्याच्या आधीचं लिहायला बसले तर संपणार नाही. शाळेतल्या बाईंचा चष्मा, घरातला टीव्ही, माझा दंड. तिचा राग म्हणजे पाच मिनिटांचा आकांत नव्हे. चावते, लाथा मारते, हाताला लागेल ते फेकते आणि शेवटी असेल तिथे जमिनीवर झोपून जाते. उठली की विचारते, "खाने में क्या है?" जणू काही झालंच नाही. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, हे इथे बदली होऊन आल्यापासूनचं आहे.

आज मात्र चकार शब्द नाही. धुक्यामुळे हर्ष गाडी अगदी हळू चालवत होता. मला वाटत होतं, आता दार उघडून उडी मारेल. कोठीच्या पायरीवर तिने माझ्या हातातून बॅग घेतली आणि तिथल्या सुखविंदर दीदींना विचारलं, "दीदी, मेरा बेड कौन सा है?" वळून पाहिलंसुद्धा नाही.

हर्ष परतताना म्हणाला, "बघ, उगाच घाबरत होतीस." शेजारी सांगायचं ठरलंय की ओजू सांगलीला आजीकडे गेली आहे.

२२ जानेवारी, बुधवार

झोपले. सकाळी सुश्रुतला शाळेत सोडलं, आले आणि दुपारपर्यंत झोपले. उठले तर घर शांत होतं आणि ती शांतता मला आवडली. हे लिहिताना लाज वाटते, पण दाखवायचं नाहीच आहे कुणाला.

सुश्रुतने प्लास्टरच्या हाताने त्याचे सगळे ठोकळे हॉलमध्ये पसरले. "आई, आता पसरले तरी चालतील ना?"

२६ जानेवारी, रविवार

पहिली भेट. हर्षच्या ऑफिसात झेंडावंदन होतं, मी एकटीच अ‍ॅक्टिव्हावरून गेले.

सुखविंदर दीदी दारातच म्हणाल्या, "ओजी तो जी बड़ी सयानी कुड़ी है. सबसे पहले उठती है, अपना बिस्तर ख़ुद लगाती है. छोटे बच्चों को खाना परोसती है." मला वाटलं, कुठल्यातरी दुसऱ्या मुलीबद्दल बोलताहेत. घरी हिच्या अंथरुणाला मी हात लावला तरी आकाशपाताळ एक.

नवनीत मॅडमनी विचारलं, "घर पर ग़ुस्सा किस-किस बात पर आता था?" मी सांगत गेले. त्या लिहून घेत होत्या, पण मला वाटत होतं, यांना खरं वाटत नाहीये. शेवटी मी स्वेटरची बाही वर करून दंडावरचा वण दाखवला. स्वतःच्या मुलीविरुद्ध पुरावा दाखवतेय असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मुझे आप पर यक़ीन है." यकीन असतं तर सांगावं लागतं का?

ओजू व्हरांड्यात वाट बघत उभी होती. केस नीट विंचरलेले.

"मैं ठीक रही ना? दीदी से पूछ लो."

"विचारलं मी. खूप छान राहिलीस म्हणाल्या."

"तो फिर?"

"तो फिर काय?"

ती नखाने खांबाचा रंग खरवडत राहिली. मी म्हटलं, असंच छान राहायचं. मान हलवली.

आठवडाभर लोकांसमोर गुणी वागते, म्हणजे जमतं हिला. मग माझ्याशीच का नाही? सेक्टर बावीसच्या चौकात लाल दिवा होता, तिथे हेल्मेटच्या आत रडले.

२ फेब्रुवारी, रविवार

पालकांची बैठक. दोघांनी यायचं असतं. हर्षचं ऑडिट. मॅडम म्हणाल्या, "उनसे कहिए, यह भी ऑडिट ही है." त्याला घरी येऊन सांगितलं तर हसला नाही.

मॅडमनी ओजूच्या लहानपणाबद्दल विचारलं. कुठे कुठे बदल्या झाल्या, ती कुणाजवळ असायची. मी सांगितलं: जन्म सांगलीचा, मग भोपाळ, मग शिलाँग. शिलाँगला हर्षची बदली झाली तेव्हा सुश्रुत पोटात होता आणि मला अंथरुणावरच राहायला सांगितलं होतं. म्हणून ओजू माझ्या आईकडे सांगलीला राहिली. सुश्रुत झाल्यावर त्याची छाती भरलेली, थंडी, इस्पितळं, त्यात तिला आणणं लांबत गेलं.

"कितना समय रही वहाँ?"

"वर्षभर. थोडं जास्त."

"उसे बताया था कि कब लेने आएँगे?"

मला राग आला. पाच वर्षांच्या मुलीला काय तारीख सांगायची? आमच्याकडे मुलं आजोळी राहतातच. मी स्वतः राहिलेय. आजीने तिचे लाडच केले, फोनवर कधी रडली नाही, सगळे म्हणायचे, किती समजूतदार पोर. हे मी सांगितलं. मॅडमनी मान हलवली आणि पेन खाली ठेवून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्यांचं हे बघत राहणं आवडत नाही. काही सांगायचं असेल तर सांगावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बुधवारी फोन येतो. आज: "हॅलो. मैं ठीक हूँ. आप सब कैसे हो? सुश्रुत का हाथ कैसा है? थँक यू." कस्टमर केअरमधून फोन आल्यासारखं. ही मुलगी मला 'ए आई, इधर आ' म्हणणारी. फोन ठेवल्यावर हर्ष म्हणाला, "किती फरक पडलाय बघ." फरक मलाही कळला. आनंद का होत नाही ते कळेना.

१६ फेब्रुवारी, रविवार

शंकरपाळे केले होते, तिच्या आवडीचे, जरा जास्त तळलेले. तिने डबा घेतला, सगळ्या मुलांना मुठीमुठीने वाटले, अवनी नावाच्या गप्प मुलीच्या हातात दोन जास्त ठेवले आणि रिकामा डबा धुऊन मला परत दिला. स्वतः एकही खाल्ला नाही. सुखविंदर दीदी कौतुकाने बघत होत्या. वाटलं की सांगावं, तुझ्यासाठी केले होते गं.

तिची खोली पाहिली. बिछाना असा की चादरीला सुरकुती नाही. कपाट मात्र रिकामं. सगळे कपडे अजून बॅगेतच, चेन लावलेली, बॅग पलंगाखाली. एवढे दिवस झाले, चार कपडे कपाटात लावता येत नाहीत. मी लावायला लागले तर पटकन म्हणाली, "रहने दो ना. प्लीज़." प्लीज ऐकून मी थांबले. आळस, दुसरं काय.

९ मार्च, रविवार

दोन दिवस घरी आणायला परवानगी मिळाली होती. काल सकाळी आणलं. संध्याकाळपर्यंत तीच कोठीतली गुणी मुलगी. सुश्रुतच्या हाताचं प्लास्टर निघालंय, त्याला बोर्नव्हिटा करून दिलं. तो माझ्यामागे लपून बघत होता. हर्ष खुशीत. रात्री पावभाजी.

आज दुपारी मी तिची बॅग काढली आणि म्हटलं, "चला, पाचला पोचायचंय."

सुरुवात झाली. आधी बॅग खिडकीवर. मग टेबल. सुश्रुतला मी बाथरूममध्ये कोंडून बाहेरून कडी लावली, तो आतून रडतोय. हर्ष तिचे हात धरायला गेला तर त्याच्या मनगटाला चावली. "मैंने सब किया! जो-जो बोला सब किया!" हेच ओरडत होती. काय केलं, कुणी काय करायला सांगितलं, काही अर्थ लागेना. दिवस मावळल्यावर दमून स्वयंपाकघराच्या दारात झोपली. हर्षने उचलून गाडीत घातली.

कोठीत पोचलो, उठली, चप्पल घातली, दीदींना "गुड ईव्हनिंग दीदी" म्हणाली आणि आत गेली.

मी दीदींना म्हटलं, "आताच, एक तासापूर्वी ही..." त्यांनी माझ्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं. ओजूचे नीट होते. उतरण्याआधी गाडीत बसून तिने विंचरले होते.

१२ मार्च, बुधवार

मॅडमना फोन करून भांडले. म्हटलं, तुमच्याकडे राहून काय उपयोग झाला? तुमच्याकडे देवी आणि घरी ही.

त्या म्हणाल्या, "यहाँ नहीं करती, आपके पास करती है. क्यों, क्या लगता है आपको?"

"कारण मी नालायक आहे. दुसरं काय वाटणार?"

"नहीं पद्मजा जी. उल्टा है." पुढे काही सांगत होत्या, पण सुश्रुतची व्हॅन खाली हॉर्न वाजवत होती. ठेवते म्हटलं. उलटं म्हणजे काय, सुलटं म्हणजे काय. यांची भाषा यांनाच लखलाभ.

१९ मार्च, बुधवार

पुणे.

हर्षने ऑफिसातूनच फोन केला. ऑर्डर निघाली, एप्रिलच्या मध्यापर्यंत हजर व्हायचंय. सात वर्षं अर्ज करत होतो. मी फोन ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानातून जिलेबी आणली. माझी आई फोनवर रडली. पुणे म्हणजे तिला सांगलीहून सकाळी निघून दुपारी जेवायला येता येईल.

मग संध्याकाळी आठवलं की ओजूचे तीन महिने एप्रिलच्या मध्यालाच संपतात. दोन्ही किती नेमकं जुळून आलंय, असं हर्ष म्हणाला.

२३ मार्च, रविवार

जुळून आलेलं नाही.

हर्ष प्रथमच बैठकीला आला, फाइल घेऊन. कोठीच्या मासिक नोंदी त्यात लावलेल्या. "मॅडम, तुमच्याच लोकांनी लिहिलंय. वर्तन उत्तम. एकही घटना नाही. तर मग आम्ही तिला घेऊन जातो." हे तो हिंदीत म्हणाला, त्याच्या ऑफिसच्या हिंदीत.

मॅडम म्हणाल्या, "सर, इसी लिए नहीं ले जाना चाहिए. इसने यहाँ अभी तक एक दिन भी नहीं गुज़ारा. मेहमान बन कर बैठी है. जिस दिन यहाँ बिगड़ेगी, उस दिन काम शुरू होगा. मुझे जून के आख़िर तक का समय दीजिए."

"म्हणजे बिघडली तर सुधारली?"

"कुछ ऐसा ही."

हर्षने फाइल बंद केली. गाडीत खूप बोलला. मीही त्याच्याच बाजूने बोलले, कारण मला मॅडमचा राग आला होता. पण मग सुश्रुतचा हात आठवला. पुण्याला नवं घर, नवी शाळा, आणि ही त्या दोन दिवसांसारखी. मी म्हटलं, जूनपर्यंत राहू दे तिला.

तर ठरलं ते असं: आम्ही तिघं एप्रिलमध्ये पुण्याला, ओजू जूनअखेर कोठीत. महिन्यातून एकदा मी विमानाने येईन. मी हो म्हणाले. अडीच महिन्यांचा तर प्रश्न.

३० मार्च, गुढीपाडवा, रविवार

गॅलरीत गुढी उभारली. खालच्या मल्होत्रा आंटींनी दरवर्षीप्रमाणे विचारलं की कलश उलटा का. पुरणपोळ्या करून तिघंही कोठीत गेलो. ओजूला सांगायचं होतं.

हर्षने सांगितलं. पुणे, नवं घर, आजी जवळ. ती ऐकत होती, पोळीचे बारीक बारीक तुकडे करत.

"मैं भी?"

"हो, अर्थात तू पण. फक्त थोडी नंतर. जूनमध्ये. तोपर्यंत इथे शहाण्यासारखी राहा."

"ठीक है."

बस, एवढंच. तिने हात धुतले, सुश्रुतचं तोंड पुसलं आणि माझी शाल खुर्चीवरून घसरली होती ती घडी घालून माझ्या हातात दिली.

हर्षने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मॅडम मात्र निघताना म्हणाल्या, "यह ठीक नहीं है. इतना ठीक होना ठीक नहीं है." ओरडली तरी वाईट, ओरडली नाही तरी वाईट. माणसाने जगायचं कसं?

८ एप्रिल, मंगळवार

खोकी. वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, सगळीकडे दोऱ्या. सहाव्यांदा संसार बांधतेय. ओजूची पुस्तकं वेगळ्या खोक्यात घातली, मग हर्ष म्हणाला वेगळं कशाला, तर सुश्रुतच्या खोक्यात घातली, मग परत काढली. दुपारभर हेच केलं.

१३ एप्रिल, रविवार

आज निघण्याआधीची शेवटची भेट म्हणून गेले. बैसाखीमुळे कोठीत गर्दी होती, बाहेरचे लोक आलेले, देणगीदार वगैरे. मुलांनी भांगड्याची चार पावलं करून दाखवली. ओजू पहिल्या रांगेत, लाल दुपट्टा, तोंडावर हसू. सगळं संपल्यावर मुलं ओळीने उभी राहून पाहुण्यांना निरोप देत होती. तसं त्यांना शिकवलंय. हात जोडायचे, "नमस्ते जी, फिर आइएगा."

मी तिच्यासमोर आले. मला वाटलं ती रांगेतून बाहेर येईल. मी हात पुढे केला होता.

तिने हात जोडले. "नमस्ते जी. फिर आइएगा." तोच आवाज, तेच हसू. माझ्या मागच्या बाईंना म्हणाली तसंच.

मी म्हटलं, "ओजू, मी आहे."

"हाँ, पता है," ती म्हणाली. आणि मागच्या बाईंकडे वळली.

घरी येताना दोनदा चुकीच्या चौकातून वळले. मी काय पाहुणी आहे? जन्म दिलाय मी हिला. चावे खाल्लेत हिचे. पायऱ्या चढता चढता माझा राग इतका वाढला की दारातच हर्षला म्हटलं, "मी येत नाही पुण्याला."

तो खोक्यावर नंबर लिहीत होता. "काय?"

"येत नाही. तू जा. मी इथे राहते जूनपर्यंत."

"का?"

मी चपला काढू लागले. राग आलाय म्हणून, हे काय कारण झालं?

१४ एप्रिल, सोमवार

दिवसभर भांडण. "त्या बाईने तुझं डोकं फिरवलंय." "सुश्रुतचं काय? तो तुझा मुलगा नाही?" "क्वार्टर सोडल्याचा अर्ज मी दिलाय, कुठे राहणार?" "ओजू तर स्वतः ठीक आहे म्हणतेय, आणि तुलाच काय झालंय?" त्याचं एकही वाक्य चूक नव्हतं. मी प्रत्येकाला फक्त "माहीत आहे" म्हणत गेले. माझ्या आईने फोनवर सांगितलं, "मी पुण्याला जाते, सुश्रुतचं बघते, तू राहा." मग हर्षने परत खोकी बांधायला घेतली. अजून बांधतोय.

१६ एप्रिल, बुधवार

बावीस सेक्टरात खोली बघितली. एका शिवणकामाच्या दुकानावर. एक पलंग, एक गॅस, खिडकीतून मागच्या गल्लीतल्या छोले-भटुऱ्यांच्या कढईचा वास. मालकीणबाईंनी विचारलं, "अकेले? हसबैंड?" म्हटलं बदली झालीय. "और बच्चे?" म्हटलं, एक तिकडे, एक इकडे. त्यांनी चावी देताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काहीतरी लपवतेय.

ज्या पुण्यासाठी सात वर्षं थांबले ते सोडून मी इथे भटुऱ्यांच्या वासात का राहणार आहे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. चूक करतेय बहुतेक.

१९ एप्रिल, शनिवार

हर्ष आणि सुश्रुत गेले.

मी विमानतळावर सुश्रुतसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण तशी वेळच आली नाही. त्याला खिडकीची जागा मिळणार होती. "आई, तू आलीस ना की माझी सायकल खोक्यातून काढू. तोवर आजीला हात लावू द्यायचा नाही," एवढं बजावलं आणि बापाचा हात धरून पळत गेला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. अडीच महिने आई दिसणार नाही आणि पोराला सायकलची काळजी. मला वाईट वाटलं.

हर्ष मात्र वळला. काचेच्या पलीकडून हात केला. मीही केला.

२० एप्रिल, रविवार

हात सुजलाय, अक्षर वाकडं येतंय.

ओजूला माहीत होतं की सगळे काल गेले. मला व्हरांड्यात बघून ती थबकली. पण लगेच सावरली.

"आपकी फ़्लाइट कब है?"

"माझी नाहीये. मी इथेच राहणार आहे. बावीस सेक्टरात खोली घेतलीय."

"कब तक?"

"तू इथे आहेस तोवर. मग आपण दोघी मिळून पुण्याला जाऊ."

"झूठ."

मी पर्समधून चावी काढून दाखवली. तिने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"सुश्रुत?"

"तो गेला पप्पांबरोबर. आजी आलीय तिथे."

"उसको छोड़ के? सिर्फ़ मेरे लिए?"

"हो."

मला वाटलं होतं, आता तरी खूश होईल. खरं सांगायचं तर मिठी मारेल असं वाटलं होतं. येताना रस्त्यात मी ते मनात रंगवलंही होतं.

तिने चावी माझ्या तोंडावर फेकली. मग खुर्ची. मग खिडकीतल्या कुंड्या, एकेक करून. दुपारच्या जेवणाची ताटं मांडलेली होती, ती सगळी गेली, डाळ भिंतीवर. मुलं कोपऱ्यात गोळा झाली. सुखविंदर दीदी दारात तोंडावर हात ठेवून उभ्या. तीन महिने त्यांनी ही मुलगी पाहिलीच नव्हती. मी तिला धरायला गेले तर हाताला चावली, जुन्याच जागेच्या जवळ, पोटात लाथा, केस धरले. आणि ओरडत होती ती मराठीत. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून एवढं मराठी ऐकलेलं नाही.

"मला कशाला ठिवलंस? मला कशाला ठिवलंस?"

मी सांगत होते, "अगं, तीनच महिन्यांसाठी, तुझ्याच भल्यासाठी." ती ऐकत नव्हती. तेच ते, तेच ते. ठिवलंस. आमच्या घरात कुणी असं बोलत नाही. सांगलीला आईच्या शेजारच्या काकू बोलतात, त्यांच्याकडे ती दुपारी खेळायला जायची तेव्हा उचललं असणार. आवाजही अगदी लहान मुलीसारखा काढत होती.

नवनीत मॅडम आल्या. मला वाटलं आता सोडवतील. त्यांनी बाकीच्या मुलांना बाहेर काढलं, आमच्या दोघींच्या आसपासच्या खापऱ्या पायाने बाजूला केल्या आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, काही करा ना." त्या म्हणाल्या, "आप कर रही हैं."

काय करत होते मी? मार खात होते.

शेवटी ती दमली. डाळीतच बसली. मग माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं, नाक वाहतंय. उठवलं तर परत सुरू होईल म्हणून मी हलले नाही. पाय बधिर झाले. भेटीची वेळ केव्हाच संपली होती, कुणी उठवायला आलं नाही. जाग आली तेव्हा तिने डोकं उचललं नाही.

"खाने में क्या है?"

"काही नाही. तू सगळं फेकलंस."

तिने माझ्या मांडीवरच नाक पुसलं. "तू कल आएगी?"

"उद्या सोमवार आहे. उद्या भेट नसते."

"कल आ," ती म्हणाली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आ जाइए." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. मला ते अजिबात समजलं नाही. मोडलेल्या कुंड्या बघून तरी माणसाने हसू नये.

खोलीवर आले, हाताला हळद लावली. हर्षचा फोन आला. खोकी पोचली, सुश्रुत जेवला, आजीजवळ झोपलाय. मग त्याने ओजूचं विचारलं. मी झालेलं सगळं सांगितलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे तीन महिने फुकट. परत पहिल्यासारखीच झाली."

"हो," मी म्हटलं. "पहिल्यासारखीच. मला 'तू' म्हणाली."

"काय?"

"काही नाही. उद्या परत जायचंय मला. ठेवते."